लिफ्टमधल्या आवाजाची वाटणी

मी, खाली सही करणारा, धंदा लिफ्ट बांधणे व दुरुस्त करणे, वय ऐंशीच्या अलीकडे (किती अलीकडे ते आईलाही नक्की ठाऊक नव्हतं), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत, राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. बाकीचा मी मात्र या घडीला ठिकाणावर नाही. मी माझ्याच घराच्या लिफ्टमध्ये, दुसरा आणि तिसरा मजला यांच्या मध्ये बसलो आहे, आणि लिफ्ट मीच थांबवली आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव असलाच तर तो साक्षीदारांवर आहे, कारण लिफ्टची किल्ली माझ्या खिशात आहे.

वकीलबाई म्हणतात, शेवटचं वाक्य काढा. मी काढत नाही. खरं तेच लिहायचं असं त्यांनीच सांगितलं होतं.

उद्या सकाळी माझं हृदय उघडणार आहेत. सर्जन म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. मीही आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, आणि सांगताना नजर वरच्या दोराकडे असायची. सर्जनही बोलताना दुसरीकडेच कुठेतरी बघत होते. म्हणून हे आज लिहितो.

डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. लिफ्टमध्ये डॉक्टर आहेत, पण दातांचे. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे भाडेकरू. ते म्हणाले, "अहो, मी मनाचा दाखला कसा देऊ? मी फक्त तोंडात बघतो." मी म्हटलं, "माझ्या मनात असतं ते सगळं तोंडात येतं. बघा." त्यांनी खिशातली बॅटरी काढून बघितलं आणि दाखला लिहून दिला. डाव्या बाजूच्या दाढेबद्दल त्यात एक ओळ जास्तीची आहे. वारसांनी तिच्याकडे लक्ष देऊ नये.

आत आम्ही चौघं आहोत. मी बायकोच्या स्टुलावर, वकीलबाई हत्यारांच्या पेटीवर. डॉक्टर उभे आहेत, कारण वर त्यांचा पेशंट तोंड उघडं टाकून बसलाय आणि स्वतः बसलं की त्यांना तो आठवतो. चौथा आहे बसवणारा. लिफ्टमध्ये नवे आवाज बसवणं हा याचा धंदा. माझ्या लिफ्टमधला आवाज काढून तिथे इंग्रजी आवाज बसवायला थोरल्यानं, म्हणजे माझ्या मोठ्या मुलानं, याला उद्यासाठी बोलावलं होतं, मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना. हा बिचारा कामसू, आदल्या दिवशीच हजर झाला, आणि दार उघडायला नेमका मी. म्हटलं, "या, आत या, बिघाड दाखवतो." वकीलबाई मृत्युपत्रासाठी आल्याच होत्या, त्यांना आत घेतलं. डॉक्टर स्वतःहून शिरले. मी किल्ली फिरवली. कामाला लागणारी सगळी माणसं एका वेळी एका जागी सापडली, असं माझ्या उभ्या धंद्यात कधी झालं नव्हतं.

कलम पहिलं. घर माझ्या कष्टाचं आहे. तळाला कारखाना, पहिल्या मजल्यावर मी, दुसऱ्यावर लेक, तिसऱ्यावर डॉक्टर, चौथ्यावर थोरला, सूनबाई आणि नात. चौथा मजला थोरल्याचा, दुसरा लेकीचा. पहिला आणि तिसरा दोघा भावंडांत समान. डॉक्टर भाडेकरू आहेत आणि भाडेकरूच राहतील. त्यांनी आशेनं या कागदावर वाकू नये (आत्ता वाकले). जिना सगळ्यांचा. गच्ची सगळ्यांची. गच्चीवरची टाकी गळते, तीही सगळ्यांची. बँकेत असेल ते सर्जनचं पोट भरल्यावर निम्मं निम्मं. लिफ्ट या कलमात येत नाही. तिचं कलम वेगळं आहे, आणि खरं म्हणजे हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

कलम दुसरं. कारखाना, सगळी हत्यारं, चेन-कप्पी आणि माझे कान लेकीला. कान देता येत नाहीत असं वकीलबाई म्हणतात. ते मी तिला केव्हाच दिलेत, इथे नुसती नोंद करतो. ती खाली उभी राहून सांगते की वरची बेअरिंग कण्हतेय, आणि मी वर जाऊन बघितलं तर ती खरंच कण्हत असते.

कारखान्यात नाना मुलखांची माणसं आहेत. जेवताना जो तो आपलं आपलं बोलतो. पण शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट जिच्यातून वरखाली जाते त्या विहिरीत, आपल्या भाषेतले तीनच शब्द चालतात: ओढ, थांब, सोड. नव्या माणसाला आधी हे शब्द, मग हेल्मेट. थोरल्यानं मध्यंतरी फर्मान काढलं की शाफ्टमध्येही इंग्रजीच बोलायचं, तेही अदबीनं, पूर्ण वाक्यात, शेवटी प्लीज. एके दिवशी लेक खाली उभी होती आणि लिफ्टची रिकामी पेटी वरून उतरत होती. खालच्या माणसानं वरच्याला थांबवण्यासाठी अदबीनं सुरुवात केली. त्याचं वाक्य प्लीजपर्यंत पोचेस्तोवर पेटी तळाला पोचली होती. लेक बाजूला झाली म्हणून बरं, आणि बाजूला होताना ती जे बोलली त्यात एकही प्लीज नव्हतं. तेव्हापासून फर्मान भिंतीवर आहे आणि तीन शब्द शाफ्टमध्ये. लेकीनं दोन्ही तसंच राहू द्यावं. फर्मानामागे भिंतीला भोक आहे.

कलम तिसरं. यंत्रांची सगळी इंग्रजी पुस्तकं थोरल्याला. मला इंग्रजीचा राग आहे असा घरात समज पसरलाय. साफ खोटं. मी इंग्रजीवर पोट भरलंय. फक्त माझं इंग्रजी या पुस्तकांतलं आहे. हात आत घालू नये. उलटे धरू नये. ज्वलनशील पदार्थांपासून दूर ठेवावे. एवढ्या भांडवलावर मी परदेशी मोटार-कंपनीच्या साहेबाबरोबर जेवायला बसलो होतो. साहेबानं सिगार पुढे केला, मी ज्वलनशीलचं वाक्य टाकलं, त्यानं आपलाही विझवला. मडमेनं विचारलं, मुलांना कसं वाढवलंत? मी म्हटलं, "कोरड्या जागी ठेवावे, झटके देऊ नयेत." ती म्हणाली, किती सुंदर विचार! एजन्सी आम्हाला मिळाली. पुढे थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्या व्याह्यांना मी "ही बाजू वर" म्हणून सोफ्यावर बसवलं, आणि ते व्यवस्थित बसले. तेव्हा थोडक्या वाक्यांत माणूस किती लांब जाऊ शकतो, हे मला कुणी शिकवू नये. पुढे नातीचं कलम येईल तेव्हा हे लक्षात ठेवावं.

कलम चौथं. आता आवाज. बायकोचे गुडघे गेले म्हणून मी घरात लिफ्ट घातली. गुडघे तिचे, तर आवाजही तिचाच असावा असं वाटलं. कारखान्यात मशीन लावलं आणि म्हटलं, "मजल्याचं नाव घे फक्त." ती म्हणाली, "नुसतं नाव काय घ्यायचं? माणूस दारात आलंय, दोन शब्द बोलायला नकोत?" बोलली. ते असे:

"तळमजला. सावकाश उतरा. कुणी काही विसरलं नाही ना?"

"पहिला मजला. पाय पुसा."

"दुसरा मजला. ढकलाढकली नको."

"चौथा मजला. याच्यावर काही नाही."

वजन जास्त झालं तर: "माणसं जास्त झाली. एकानं उतरावं, शहाण्यानं आधी." लिफ्ट अडकली तर: "घाबरू नका. माणूस येतोय. बटण सारखं दाबू नका." आणखीही बरंच आहे, दारात बोटं घालणाऱ्यांसाठी, आत शिरून बटण न दाबता उभं राहणाऱ्यांसाठी.

तिसऱ्या मजल्याचं राहिलं. तो बोलून झाल्यावर तिला वाटलं मशीन बंद केलं. मी केलं नव्हतं. म्हणून आजही लिफ्ट तिथे पोचली की म्हणते, "तिसरा मजला. झालं का? चहा गार होतोय." ते वाक्य मी तेव्हा कापलं नाही, कंटाळा केला. ती गेल्यावर कापायचा प्रश्नच उरला नाही.

कलम पाचवं. त्या वाक्यामुळे डॉक्टरांना जो ताप झाला तो मी इथे मान्य करतो. दात दुखत असलेला माणूस लिफ्टमधून उतरतो तोच चहाची चौकशी करत. "आत्ताच लिफ्टमध्ये बाई म्हणाल्या, गार होतोय." पहिल्या वर्षी डॉक्टरांनी समजावून बघितलं. दुसऱ्या वर्षी स्टोव्ह आणला. आता काही पेशंट दात धड असतानाही येतात. सबब, माझ्या खोलीतली मोठी किटली आणि सगळे कप डॉक्टरांना. ते साक्षीदार असल्यानं त्यांना मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकीलबाई आत्ता म्हणाल्या. मग किटली मी आजच हातात देतो. डॉक्टर म्हणतात, किटली राहू द्या, आधी मला वर सोडा.

कलम सहावं. सूनबाई. बाई चांगली आहे. पण सासू वारल्यावरही रोज लिफ्टमध्ये भेटते, हे कुठल्याही सुनेला जड जाणारच. भाजीच्या पिशव्या घेऊन शिरली की वर "ढकलाढकली नको". पार्टीला नटून निघाली की "कुणी काही विसरलं नाही ना?", आणि मग ती खरंच परत वर जाऊन गॅस बघून येते. मी तिला लिफ्टशी इंग्रजीत वाद घालताना या कानांनी ऐकलंय. शेवटचा शब्द लिफ्टचाच होता, चौथ्या मजल्यावर: "याच्यावर काही नाही." तेव्हा आवाज बंद ठेवायची छोटी किल्ली सूनबाईला, रोज एक तास, तास तिनं निवडावा. सासवांच्या इतिहासात अशी सवलत कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

कलम सातवं. भाषा संवर्धन मंडळाला काहीही देऊ नये. या मंडळानं मला अध्यक्ष केलं, कारण सभेला येणाऱ्यांत आपली भाषा न थांबता बोलणारा मी एकटा निघालो. सभेचं कामकाज इंग्रजीत चालायचं. का, विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांना समजायला नको का?" मी आपल्या भाषेत बोलायला उभा राहिलो की सगळे डोळे मिटून ऐकत, देवळात बसल्यासारखे, आणि संपल्यावर टाळ्या वाजवून शेजारच्याला विचारत, "काय म्हणाले?" एकदा मी नुसतं सांगितलं की बाहेर कुणाची तरी गाडी माझ्या टेम्पोला आडवी लागलीय. टाळ्या झाल्या. गाडी तिथेच. निरोपाला मला पितळी पाटी दिली, मजकूर इंग्रजीत. ती पाटी मंडळाला परत.

कलम आठवं. आता नात.

ही रांगत होती तेव्हा आजी गेली. पुढे शाळेनं घरी कळवलं की दोन भाषांनी मूल गोंधळतं, घरात एकच बोला. झालं, चौथ्या मजल्यावर इंग्रजी. मलाही ताकीद मिळाली. मी ती पाळली, म्हणजे मी नातीशी इंग्रजीच बोललो, माझं. ती मांजराला खाली डोकं वर पाय करून निघाली की मी इंग्रजीत म्हणायचो, "उलटे धरू नये." आणि ती मांजर सरळ करत, थेट आजीच्या आवाजात मला म्हणायची, "घाबरू नका. माणूस येतोय."

लिफ्टला कुणी ताकीद दिली नव्हती ना. पोरगी या स्टुलावर बसून दिवसभर वरखाली करायची आणि लिफ्ट तिच्याशी बोलायची. आपल्या भाषेतली तिची सगळी वाक्यं लिफ्टची. पण त्यांच्यावर ती काय वाट्टेल ते निभावून नेते. पाहुणे फार वेळ बसले: "सावकाश उतरा." वर्गात पहिली आली, निकाल माझ्यासमोर धरला: "याच्यावर काही नाही." आईबाप भांडायला लागले: "माणसं जास्त झाली. एकानं उतरावं, शहाण्यानं आधी." (दोघंही उठले नाहीत.) लिफ्ट सगळ्यांना अहो-जाहो करते, म्हणून हीपण करते. मांजराला अहो म्हणणारी आमच्या घराण्यात ती पहिली.

मंडळाच्या एका विदुषी येऊन तिला ऐकून गेल्या आणि म्हणाल्या, ही भाषा नव्हे, ही नक्कल आहे. असेल. गेल्या महिन्यात जेवताना माझ्या छातीत कळ आली. टेबलाभोवती सगळे फोनवर इंग्रजीत ओरडत होते. नात खुर्चीवरून उतरून माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "घाबरू नका. माणूस येतोय. बटण सारखं दाबू नका." मी घाबरलो नाही. माझा दुसरा हात छातीवर होता, तोही काढला. माणूस आला.

सबब, लिफ्ट, तिची मोटार, दोर, स्टूल आणि आतला आवाज यांची मालकी संपूर्णपणे नातीची. ती सज्ञान होईपर्यंत लेकीनं सांभाळावं. आणि अट अशी: आवाज जो कुणी काढील, पुसेल किंवा त्यावर दुसरा चढवील, त्याचा मजला तात्काळ भाषा संवर्धन मंडळाच्या नावे होईल, आणि मंडळ तिथे रोज सभा घेईल. हे वाचून थोरल्याच्या अंगावर काटा यावा, हाच हेतू आहे.

एवढं लिहीपर्यंत वर गलका झाला. तिसऱ्या मजल्याच्या दारापाशी थोरला आला होता.

"डॅड! आत काय चाललंय?"

"मृत्युपत्र."

"लिफ्टमध्ये?"

"घरात तुम्ही डोकावता."

"डॅड, मला ती अक्षरं वाचता तरी येतात का? कशाला डोकावू?"

डॉक्टरांनी बॅटरी चालू-बंद केली. वकीलबाईंनी उगाच चष्मा पुसला. वरून पेशंटचं एक लांबलचक "आँ" ऐकू आलं, तेवढंच.

मग मी म्हटलं, "बसवणारा माझ्याजवळ आहे. त्याचा आवाजांचा डबाही."

माझे कान चांगले आहेत. दाराला त्यानं कपाळ टेकवलं ते मला ऐकू आलं.

"तुम्हाला वाटतं मला पाहुण्यांची लाज वाटते," तो म्हणाला, आणि हे सगळं आपल्या भाषेत म्हणाला, अडखळत, पण सलग. "डॅड, मी रोज सकाळी खाली जातो. ती विचारते, काही विसरलं नाही ना. रोज. काय सांगू मी तिला? तुम्हाला तो आवाज ऐकून बरं वाटतं. मला रोज नव्यानं..." पुढचं वाक्य त्याला सापडलं नाही. इंग्रजीतही सापडलं नसतं.

मी आयुष्यभर भिंतीपलीकडची बेअरिंग ओळखली. चौथ्या मजल्यावरचं हे कण्हणं मला ऐकू आलं नव्हतं. मी वकीलबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "खाडाखोड चालेल, पण प्रत्येक खाडाखोडीवर सही हवी."

तेवढ्यात बसवणाऱ्यानं तोंड उघडलं. आतापर्यंत तो आपला डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. आपली भाषा तो मोडकीतोडकी बोलतो. म्हणाला, "साहेब, माझ्या डब्यात सोळा भाषेचे आवाज. माझ्या आईची नाही."

"तुमच्या आईची कुठली?"

त्यानं नाव सांगितलं. आम्ही कुणी ते ऐकलेलं नव्हतं. म्हणाला, "गावात आता आई बोलते, मी बोलतो. फोनवर. तिच्या इमारतीत लिफ्ट नाही."

याला बायकोचं ते आवाज भरायचं मशीन द्यावं असं माझ्या मनात आलं. वकीलबाई म्हणाल्या, हाही साक्षीदार. म्हटलं, मग हेही मृत्युपत्रात नाही, कारखान्यातून आजच घेऊन जावं. त्यानं विचारलं, "पण मजलेच नाहीत, आई काय बोलणार?" मी म्हटलं, "मशीन चालू करा आणि बंद केलं म्हणून सांगा. भरपूर बोलेल."

आणि मग वरून दुसरा आवाज आला, खालच्या बाजूनं, बापाच्या कमरेच्या उंचीवरून. नात.

"आजोबा."

"बोला," मी म्हटलं. तिच्याशी मीही अहो-जाहोनंच बोलतो.

"घाबरू नका. माणूस येतोय."

"बरं."

थोडं थांबून ती म्हणाली, "आजोबा, उद्या दवाखान्यात लिफ्ट इंग्रजी बोलते. मी बघितलं. ती काहीच विचारत नाही. मी तुमच्याबरोबर येणार. लिफ्टमध्ये मी बोलणार."

यातलं एकही वाक्य लिफ्टमध्ये नाही. लिफ्ट मी बांधलीय, मला माहीत आहे. बायकोनं भरलेल्या सगळ्या वाक्यांत "मी" कुठेच नाही. ती लोकांना पाय पुसायला सांगत राहिली, स्वतःचं नाव तिनं काही काढलं नाही. हा "मी" पोरीनं आणला कुठून? मी मोठ्यानंच विचारलं.

खालून, दुसऱ्या मजल्याच्या दारातून, लेक ओरडली, "बाबा, माझ्याकडे नका बघू! ती कारखान्यात येऊन बसते. मी पाने-स्क्रू शिकवते, ती बाकीचं आपलं आपलं उचलते. शिव्या मी शिकवल्या नाहीत!"

"थोड्या शिकवल्या," नात म्हणाली.

थोरला हसला. दाराला कपाळ टेकवलेलं असतानाच हसला, त्यामुळे दार थरथरलं.

कलम नववं आणि शेवटचं. कलम आठमधली अट आणि शिक्षा मी रद्द करतो. मंडळानं सभेच्या खुर्च्या आणू नयेत. लिफ्ट आणि आवाज नातीचेच. पण आवाज ठेवायचा, बदलायचा, की शेजारी स्वतःचा भरायचा, ते ती ठरवील, आणि तिच्या ठरवण्यात मी, माझी बायको, मंडळ किंवा शाळा यांपैकी कुणी मधे येऊ नये. थोरल्याला ज्या दिवशी ऐकवणार नाही त्या दिवशी त्यानं जिन्यानं उतरावं. जिना काही विचारत नाही. आणि सूनबाईच्या एका तासातला निम्मा तिनं नवऱ्याला द्यावा.

ही अक्षरं थोरल्याला वाचता येत नाहीत. म्हणून माझ्यामागे हे मृत्युपत्र नातीनं त्याला वाचून दाखवावं. नातीलाही ही अक्षरं अजून वाचता येत नाहीत, असं वकीलबाई लक्षात आणून देतात. ठीक आहे. मला बरं व्हायला सवड मिळाली तर मी शिकवीन. नाही मिळाली तर लेकीनं शिकवावं, आणि तोपर्यंत कुणालाही काही मिळणार नाही. सगळे मिळून घाई करतील.

उद्या मला वर नेताना आणि खाली आणताना, मी कुठल्याही अवस्थेत असलो तरी, नात लिफ्टमध्ये बरोबर असावी. सर्जननं हरकत घेतली तर त्यांना सांगावं, माणसं जास्त झाली असतील तर शहाण्यानं आधी उतरावं.

हे मृत्युपत्र मी लिहिलं, वाचलं, आतल्या तिघांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि दाराबाहेरच्यांनी न सांगता ऐकलं.

सही: लिफ्टवाले

साक्षीदार पहिले: दातांचे डॉक्टर, तिसरा मजला. (निषेध नोंदवून.)

साक्षीदार दुसरे: बसवणारा. सही त्याच्या आईच्या अक्षरांत. आमच्यापैकी कुणालाही वाचता येत नाही. वकीलबाईंनी चालेल म्हटलं.

स्थळ: दुसरा आणि तिसरा मजला यांच्या मध्ये.

तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, दुपार कलल्यावर.

वकिलांची नोंद: वरील सह्या माझ्यासमोर झाल्या. त्यानंतर मृत्युपत्र करणाऱ्यांनी खिशातून किल्ली काढून लिफ्ट चालू केली. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दारात मुलगा आणि नात उभे होते. लिफ्टमधल्या बाईंनी विचारलं, "झालं का? चहा गार होतोय." नात म्हणाली, "झालं, आजी," आणि मृत्युपत्र करणाऱ्यांचा हात धरून त्यांना उतरवून घेतलं.